काळ्या गाडीवरचं जाळं

गेल्या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात सासू-सासरे पुण्याहून आमच्याकडे अल्फारेटाला आले. जेट लॅग उतरायच्या आत आईंनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. बाबांना ताब्यात घेण्यासारखं काही नव्हतं. पुण्यात त्यांचा दिवस दूध आणण्यापासून सुरू होतो, मग पेपर, मग बँक नाहीतर पोस्ट, मग भाजी. आमच्या घरापासून सगळ्यात जवळचं दुकान अडीच मैलांवर, आणि तिकडे जाणारा फुटपाथ अर्ध्या वाटेत संपतो. चौथ्या दिवशी सकाळी ते गराजच्या दारात उभे राहून म्हणाले, "एखादं जुनं फडकं आहे का गं? गाडी पुसून ठेवतो." मला इतकं बरं वाटलं, की मी नवऱ्याचा जुना सुती टी-शर्ट फाडून लगेच दिला.

त्या फडक्याने काय झालं आणि ते मी कसं निस्तरलं, ते सांगायला हा लेख लिहिते आहे. गाडी काळी आहे, हे आधीच सांगून ठेवते. ज्यांच्याकडे काळी गाडी आहे, त्यांना पुढचं निम्मं इथेच कळलं असेल.

मार्चच्या शेवटी आमच्याकडे काय होतं, ते अटलांटाच्या मंडळींना सांगायला नको; पण हा अंक पुण्या-नाशकातही जातो म्हणून लिहिते. पाइनची झाडं पराग सोडतात. ड्राइव्हवे, पायऱ्या, झोपाळा, टपालाची पेटी, सगळ्यावर पिवळी पूड बसते. बाबा मूळचे सासवडचे. एका सकाळी दार उघडून बघतात तो काय! म्हणाले, "अगं, ही तर जेजुरी!" भंडारा उधळल्यावर गडाच्या पायऱ्या दिसतात, अगदी तसंच. त्यातून गेल्या वर्षीचा मोसम विक्रमी होता. २९ मार्च २०२५ला अटलांटात हवेच्या एका घनमीटरमध्ये १४,८०१ परागकण मोजले गेले. आधीचा उच्चांक २०१२चा, ९,३६९. आणि १,५००च्या वर आकडा गेला तरी इथे 'अतिशय जास्त' म्हणतात!

ही जेजुरी बाबांनी रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसली. पुण्यात सोसायटीतली माणसं एका बादलीत आणि एका फडक्यात वीस गाड्या पुसतात. त्यापेक्षा आपलं काम कितीतरी नीट, असं त्यांना वाटायचं, आणि ते खरंही होतं. फडकं घट्ट घडी करून, छतापासून खालपर्यंत, दाराच्या फटींसकट. पण परागाबरोबर रस्त्यावरची धूळही बसलेली असते, आणि आमच्याकडची माती म्हणजे जॉर्जियाची लाल माती. कोकणातून आलेल्यांना ती ओळखीची वाटते. चारी बाजूंना नवी घरं बांधली जात असल्यामुळे ती सतत उडत असते. तिच्यात गारगोटीचे बारीक कण असतात, आणि गारगोटी काचेवरसुद्धा चरा उठवते. गाडीच्या रंगाची काय कथा! कोरडं फडकं फिरवलं, की हे कण गाडीवरून फरफटत जातात.

जूनमध्ये एका संध्याकाळी गॅस स्टेशनवर थांबलो होतो. वरच्या दिव्यांखाली नवऱ्याचं लक्ष बॉनेटकडे गेलं. प्रत्येक दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारख्या गोल गोल रेघा. इथे याला स्वर्ल मार्क्स म्हणतात. घरी येईपर्यंत तो गप्प होता. मग मला म्हणाला, "बाबांना सांग ना, पुसू नका म्हणून. तू सांगितलंस तर त्यांना वाईट वाटणार नाही."

मी सांगितलं नाही. सांगेन सांगेन म्हणत ऑगस्ट उजाडला आणि ते परत गेले. सकाळी साडेसातला गराजचं दार वर जायचा आवाज यायचा, तो त्या घरातला त्यांचा एकमेव आवाज होता. तो बंद करायचं माझ्या जिवावर आलं. नऊ वर्षं शाळेत शिकवताना मुलांच्या वह्यांतल्या चुका मी त्याच दिवशी दाखवायचे. इथे मी पाच महिने चुकीवर चूक होऊ दिली.

मग आला दसरा. २ ऑक्टोबर, गुरुवार. ऑफिस-शाळेच्या आधी पूजा उरकायची म्हणून सकाळी सातलाच गराजमध्ये जमलो. बाहेर अजून अंधार होता. पुण्यात दुपारचे साडेचार, त्यामुळे आई-बाबा व्हिडिओ कॉलवर. चाकांखाली लिंबं ठेवली, झेंडूचा हार घातला. नीट दिसावं म्हणून लेकीने दुसऱ्या फोनचा दिवा बॉनेटवर धरला, आणि ते सगळं जाळं लख्ख उजळलं. बाबा म्हणाले, "ते काय दिसतंय गं बॉनेटवर?" मी म्हटलं, "रिफ्लेक्शन आहे, बाबा." नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि आरती सुरू केली.

त्याच आठवड्यात मी कामाला लागले. व्यावसायिक डीटेलिंगवाल्याला फोन केला, तर त्याने काही शे डॉलर सांगितले. ते देण्याआधी हे हाताने जमतं का, ते बघायचं ठरवलं. जमतं. वेळ लागतो, खांदे भरून येतात, आणि शंभर टक्के जात नाहीत. पण काळी गाडी पुन्हा काळी दिसण्याइतपत जातात.

आधी मला हे समजून घ्यायचं होतं, की चरे गोल का दिसतात. बाबा तर फडकं सरळ फिरवायचे. याचं उत्तर स्वयंपाकघरात सापडलं. वर्षानुवर्षं घासलेलं स्टीलचं ताट दिव्याखाली धरा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती तशीच वर्तुळं दिसतील. आता ताट स्थिर ठेवून डोकं हलवा. वर्तुळंही सरकतील! म्हणजे चरे गोल नाहीतच. ते सगळ्या दिशांना आहेत, हजारोंनी; पण दिव्याच्या प्रतिबिंबाला आडवे असतील तेवढेच चरे प्रकाश आपल्या डोळ्यांकडे फेकतात, आणि ते तुकडे मिळून वर्तुळ झाल्यासारखं दिसतं. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवरही ते तितकेच असतात, फक्त पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही. तेव्हा चंदेरी गाडीवाल्यांनी फार खूश होऊ नये.

दुसरी मजेची गोष्ट म्हणजे गाडी ओली असताना एकही चरा दिसत नाही. पाणी चऱ्यात भरतं, पृष्ठभाग सपाट होतो, प्रकाश विखुरत नाही. वाळली की चरे हजर. माझ्या आईने फोनवर सांगितलेला खोबरेल तेलाचा उपाय याच तत्त्वावर चालतो, आणि दुकानात मिळणाऱ्या 'ग्लेझ'च्या कितीतरी बाटल्याही. दोन-चार वेळा धुतलं की मूळ रूप परत. माहेरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टूथपेस्टही सुचवली गेली. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते हे खरं, पण ती दातांसाठी बनवलेली. गाडीच्या रंगासाठी बनवलेलं रसायन पंधरा-वीस डॉलरला मिळत असताना हा प्रयोग कशाला?

खरी दुरुस्ती समजली, तेव्हा मी जरा दचकलेच. चरा भरून येत नाही. त्याच्या आजूबाजूचा भाग घासून चऱ्याच्या तळाइतका खाली आणायचा. पितळेचा तांब्या चिंचेने घासतो तेव्हा वरचा काळा थर जातो आणि खाली पुन्हा पितळच असतं. गाडीचं तसं नाही. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे चारी थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. वहीचा कागद सुमारे १०० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे अख्खा रंग कागदा-दीड कागदाएवढा. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉन, डोक्याच्या केसाहून बारीक. आपले चरे याच थरात असतात. उन्हातले अतिनील किरण अडवणारी द्रव्यंही याच थरात. तो फार पातळ झाला की ऊन जिंकतं. जॉर्जियात जुन्या गाड्यांच्या छतावर पांढरट पापुद्रे सुटलेले दिसतात ना, तो संपलेला क्लिअर कोट. तो पॉलिशने परत येत नाही, गाडी पुन्हा रंगवावी लागते.

मशीनऐवजी हात वापरायचं मी ठरवलं, ते यामुळेच. मशीन एका दुपारी काम उरकतं, पण नवख्या हाताला कोपऱ्यावर काही सेकंदांत जास्तीचा थरही काढून देतं. हाताने फार थोडं निघतं. कंटाळा येऊन आपण आधी थांबतो, आणि ते गाडीच्या हिताचं असतं.

पहिला शनिवार नुसता धुण्यात गेला. सावली हवी, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. आधी पाइपच्या पाण्याने सगळी सैल धूळ वाहून जाऊ द्यायची, काहीही न लावता. मग दोन बादल्या: एकीत गाडीचा शॅम्पू, दुसरीत नुसतं पाणी. मऊ हातमोजा शॅम्पूत बुडवून एक भाग धुवायचा, मग नुसत्या पाण्यात खळबळून मातीचे कण तिथे सोडायचे आणि पुन्हा शॅम्पूत घालायचा. छतापासून सुरुवात, चाकांजवळचा भाग सगळ्यात शेवटी. हे ऐकायला सोवळ्या-ओवळ्यासारखं वाटतं, आणि आहेही तसंच. ओवळ्याची बादली वेगळी.

धुऊन झाल्यावर हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बॉनेटवर हात फिरवला. नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून चक्क खरखरीत लागला. झाडांचा चीक, डांबराचे थेंब, ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण, हे सगळं धुऊन जात नाही, रंगाला चिकटून बसतं. त्यासाठी क्ले बार नावाचा कणकेसारखा मऊ गोळा मिळतो. पत्र्यावर भरपूर फवारा मारायचा आणि गोळा चपटा करून अगदी हलक्या हाताने सरकवायचा. चिकटलेले कण तो उचलून घेतो. मळला की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणायची. खाली पडला तर मात्र सरळ फेकून द्यायचा, कितीही नवा असो. माझ्या लेकीला हे काम फार आवडलं, कारण गोळा हळूहळू करडा होत जातो आणि आपण काहीतरी केलंय हे दिसतं. पुढच्या कामात ते सुख नाही.

पुढचं काम म्हणजे कंपाउंड आणि पॉलिश. दोन्हींत घासणारी अतिबारीक पूड असते, बहुधा अॅल्युमिनियम ऑक्साइडची. कंपाउंडमधली जरा जास्त कापणारी, पॉलिशमधली सौम्य. मी मेग्वायर्सच्या बाटल्या घेतल्या. १९०१ साली फर्निचरच्या पॉलिशपासून सुरू झालेली ही कंपनी. बाकी कंपन्यांचीही अशीच मिळतात. कुठलीही घ्या, पण सौम्य बाटलीने सुरुवात करा. आधी बॉनेटच्या एका कोपऱ्यात चारही बाजूंनी निळी टेप लावून फूटभर चौकोन आखला आणि तेवढ्यावरच प्रयोग केला. नुसत्या पॉलिशने निम्मे चरे गेले, निम्मे हटेनात. मग कंपाउंड लावलं, त्यावर पुन्हा पॉलिश. टेप काढली तेव्हा काळ्या पाटीवर ओलं फडकं फिरवावं तसा चौकोन उठून दिसत होता. नवरा बाहेर येऊन बघून गेला. काही बोलला नाही, पण चहा करून आणला.

पद्धत सांगते. फोमच्या गोल चकतीवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब घ्यायचे. चकती बोटांच्या टोकांनी दाबायची नाही. अख्खा तळवा सपाट ठेवायचा, नाहीतर बोटांखाली दाब जास्त पडून रेघा उठतात. फूटभर चौकोनात आधी उभं, मग आडवं, मग पुन्हा उभं. बरेच जण गोल फिरवतात, बाटल्यांवरही तसंच लिहिलेलं असतं आणि त्यात चूक नाही. मला उभं-आडवं बरं वाटतं, कारण कुठला भाग झाला आणि कुठला राहिला ते कळतं. कणीक मळताना लावतो तेवढा जोर, दोन-तीन मिनिटं. पातळसर पारदर्शक थर उरला की वाळायच्या आत स्वच्छ मायक्रोफायबरने पुसायचं. मग फोनचा दिवा तिरका धरून बघायचं. पॉलिशमधलं तेल चऱ्यांत बसून ते लपवतं, म्हणून रबिंग अल्कोहोल पाण्यात मिसळून त्याचा फवारा मारून पुसायचं आणि मगच निकाल लावायचा. उरलं असेल तर आणखी एकदा. मी एका चौकोनाला जास्तीत जास्त तीन फेऱ्या ठरवल्या होत्या. तिसऱ्या फेरीनंतर जे राहील ते राहील.

बॉनेट आणि पुढची दोन मडगार्डं, एवढ्यालाच पहिला रविवार गेला. कडा आणि उठावाच्या धारा यांच्यावर मी टेपच लावून ठेवली, कारण तिथे क्लिअर कोट मुळात पातळ असतो आणि दाबही तिथेच एकवटतो. मॅट फिनिशच्या गाडीला मात्र यातलं काहीच लागू नाही. तिला पॉलिश केलं तर डाग पडल्यासारखे चकचकीत पट्टे उमटतात.

चुका झाल्याच. एका दुपारी ऊन सरकत डिकीवर आलेलं माझ्या लक्षात आलं नाही. कंपाउंड खडूसारखं वाळून बसलं आणि ते काढताना जेवढे चरे घालवले होते, त्यातले थोडे परत आले. दुसरी चूक अक्षम्य. मायक्रोफायबरचं फडकं हातातून ड्राइव्हवेवर पडलं. मी ते उचललं, झटकलं, दोन्ही बाजू बघितल्या आणि पुसायला घेतलं. मागच्या दारावर एकाच फटक्यात दहा-बारा ताज्या रेघा. लेक शेजारीच उभी होती. म्हणाली, "आई, क्ले पडला तर टाकायचा म्हणालीस, आणि फडकं?" मी त्या दारापुढे बसकण मारली. बाबांनी पाच महिन्यांत जे केलं, ते मी सगळं वाचून, समजून, तीन सेकंदांत केलं होतं.

काही चरे गेलेच नाहीत. त्यांची परीक्षा सोपी असते: चऱ्यावरून आडवं नख फिरवायचं. नख अडकलं, की तो हाताने काढण्याइतका उथळ नाही. तो काढण्यापुरता क्लिअर कोट उतरवायला गेलो तर खाली काही उरणार नाही. आमच्या गाडीवर असे दोनच होते. एक दुकानाच्या पार्किंगमध्ये सामानाची ट्रॉली लागून झालेला, दुसरा मागच्या बंपरवर, सुटकेसच्या चाकाचा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर रंगाचा क्रमांक असतो. त्यावरून टच-अपचं पेन मागवलं आणि पहिल्या चऱ्यात भरलं. जवळून बघितलं तर कळतं. बंपरवरचा तसाच आहे.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सगळ्यात शेवटचं काम राहिलं होतं, मेण लावायचं. पॉलिशने रंग उघडा पडतो, त्यावर काहीतरी संरक्षण हवंच. सिरॅमिक आणि सिलंटचे प्रकार जास्त टिकतात, पण मी कार्नौबा मेण घेतलं. हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या जातीच्या पानांवरून मिळतं. गोळ्या-चॉकलेटांच्या चकाकीलाही तेच वापरतात. आमच्या उन्हात दोन-तीन महिने टिकतं. पातळ थर लावायचा, धूसर झाला की पुसायचा. अर्धी गाडी झाली असेल, तेवढ्यात पुण्याहून फोन आला. बाबा. मी फोन विंडशील्डच्या वायपरला टेकवून ठेवला आणि काम चालूच ठेवलं.

"मेण लावतेस? हाताने? फडकं काळं झालेलं दिसत नाही!"

बाबांकडे नव्वदच्या दशकात प्रीमियर पद्मिनी होती, निळी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते तिला पॉलिश करायचे आणि फडकं निळं व्हायचं. फडक्याला रंग आला म्हणजे उन्हाने मेलेला थर निघाला, अशी त्यांची खूण. तसल्या गाड्यांवर पारदर्शक थर नसायचा. रंग आणि चकाकी एकाच थरात. मी त्यांना क्लिअर कोट समजावून सांगितला: हल्लीच्या गाडीवर वरचा थर रंगहीन असतो, त्यामुळे तो निघतो तेव्हा फडक्यावर दिसत नाही, काळ्या गाडीवरूनही नाही. ते लक्ष देऊन ऐकत होते. कॉलेजातल्या मुलासारखे प्रश्न विचारत होते. जाडी किती? मोजतात कशाने? आणि मग, "पण मग मुळात पॉलिश कशाला करावं लागलं? गाडी दोन वर्षांची तर आहे."

आता रिफ्लेक्शन म्हणता येणार नव्हतं. मी फडकं खाली ठेवलं. खाली म्हणजे बादलीच्या कडेवर. आणि सांगितलं. पराग, लाल माती, कोरडं फडकं. मी टी-शर्ट दिला होता, हेही. जूनमध्ये कळलं होतं, हेही.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मागे आईंचा चकलीच्या सोऱ्याबद्दल काहीतरी आवाज येत होता.

"जूनमध्ये कळलं, आणि मी ऑगस्टपर्यंत पुसत होतो."

"हो, बाबा."

"मास्तरीण ना गं तू?"

यावर मी काय बोलणार? त्यांनीच विषय बदलला, भाऊबीजेला कोण कोण येणार आहे ते सांगितलं आणि फोन ठेवला. त्या दिवशी उरलेली अर्धी गाडी मी कशी पूर्ण केली, ते मला आठवत नाही. नवरा म्हणाला, एवढं मनाला लावून घेतील असे ते नाहीत. मला तशी खात्री नव्हती. त्यानंतर आठ-दहा दिवस फोनवर आईच बोलत होत्या.

मग एका सकाळी मला त्यांचा व्हॉट्सअॅप आला. खाली सोसायटीच्या पार्किंगमधल्या आठ-नऊ गाड्यांचे फोटो, प्रत्येकीवर मोबाइलचा दिवा तिरका धरलेला, प्रत्येकीवर जाळं. खाली लिहिलं होतं, "सगळ्यांचीच बोंब आहे. दोन बादल्यांचं परत एकदा सविस्तर लिहून पाठव."

मी पाठवलं, मराठीत, मुद्द्यांना आकडे घालून. गाड्या पुसणाऱ्या मुलाला त्यांनी ते वाचून दाखवलं म्हणे. तो म्हणाला, काका, वीस गाड्यांना चाळीस बादल्या पाणी कुठून आणू? याला बाबांकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नाही.

यंदा मार्चमध्ये ते पुन्हा आले. जेजुरी झालीच. पहिल्या पिवळ्या सकाळी मी उठून खाली गेले, तर गराज उघडं होतं आणि पाण्याचा आवाज येत होता. बाबा पाइप धरून उभे, पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेले, आणि गाडीवरून हळदीचं पाणी वाहत ड्राइव्हवेवरून गटाराकडे चाललेलं. बाजूला दोन बादल्या. माझ्याकडे एकसारख्या दोन पांढऱ्या बादल्या आहेत. मी स्वतः कितीदा त्यांत घोटाळा केला आहे. त्यांनी मार्करने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, एकीवर 'साबण', दुसरीवर 'खळबळ'.

"फडकं?" मी विचारलं.

"फडकं नाही. आधी वाहू दे," ते म्हणाले. "आणि त्या बंपरवरच्या चऱ्याला नख लागतंय, तो माझा नाही."